पाच नंबरचा रंग

“डबीवर नाव शोधू नका, बाई. बोटाच्या पेराएवढं घ्यायचं, पातळ लावायचं, आणि चुकवायचं नाही. तुम्ही चुकवलंत तर मलम काय करणार बिचारं?”

कंपाउंडरचा हा आवाज तिला मनात नेमका तेव्हा ऐकू आला, जेव्हा तिचा उजवा हात रंगाच्या कारखान्यातल्या, शेड जुळवायच्या दिव्याच्या पेटीत होता आणि पत्र्याच्या तुकड्याची कड तिच्या मनगटाला लागली होती. लागली म्हणजे काय, नुसती टेकली. असले रंग दिलेले पत्रे ती दिवसाला शंभर हाताळायची, कडा बोटांना घासायच्या, नखांत जायच्या, कधी ओरखडासुद्धा उठला नव्हता. आताही दुखलं काहीच नाही. फक्त मनगटावरची कातडी ओल्या पुडीच्या कागदासारखी सरकली आणि इंचभर उघडी पडली. आधी आतलं पांढुरकं दिसलं, मग लाल. नव्या शेडच्या पत्र्यावर एक थेंब पडला, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं तिच्या मनानं पहिल्यांदा टिपलं ते हे, की थेंबाचा लाल नमुन्यातल्या लालापेक्षा किंचित निळ्याकडे झुकतोय.

“शेडबाई, पत्रा नापास केलात की स्वतःला?” पलीकडच्या टेबलावरचे केमिस्ट म्हणाले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, दिवसातून एक विनोद केला की त्यांचा दिवस सार्थकी लागायचा. मग त्यांनी नीट पाहिलं आणि उठून आले. “अहो, हे कशानं?”

“पत्र्यानं.”

“पत्र्यानं एवढं? दाबलात का?”

“नाही हो. टेकला नुसता.”

त्यांनी कापूस आणला, पट्टी शोधली. पट्टीचा चिकट भाग जरा तिरका बसला म्हणून त्यांनी तो सोडवायला घेतला, तर त्याच्याबरोबर आणखी थोडी कातडी आली. केमिस्ट हात मागे घेऊन उभे राहिले, काहीतरी मोडल्यासारखे. “अर्धा दिवस घ्या आणि दाखवून या,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढे विनोद नव्हता. ती पट्टीकडे बघत राहिली. रक्ताचं तिला काही वाटलं नव्हतं. तिला धक्का बसला होता तो जागेचा. कोपर फाटलं असतं, नडगी फाटली असती, तर ती मानेनं हो म्हणाली असती. ते भाग गेल्या अकरा दिवसांत पेटून उठले होते, कारण कंपाउंडरच्या दुकानाला कुलूप होतं, तो स्वतःच्या ऑपरेशनला गेला होता, आणि डबी खरवडून खरवडून संपली होती. पण मनगट? मनगट बरं झालेलं होतं. मनगट म्हणजे तिचा पाच नंबर.

त्वचेच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर ती बसली तेव्हाही ती मनातल्या मनात मनगटाशीच भांडत होती. तुला काय झालं? तू तर शहाणं होतंस. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याखाली पाण्याचं यंत्र, आणि शेजारी एक म्हातारे गृहस्थ, जे दर दोन मिनिटांनी पायमोजा खाली करून घोट्याकडे बघायचे आणि पुन्हा वर ओढायचे. तिला त्यांचं हसू आलं नाही. इतकी वर्षं ती हेच करत आली होती. चोविसाव्या वर्षी पहिला डाग उठला, कोपरावर, रुपयाएवढा, वर चांदीसारखे पापुद्रे. तेव्हाच्या डॉक्टरांनी सोरायसिस हा शब्द उच्चारला आणि पाठोपाठ, जणू हवामान सांगावं तसं, “हे जन्माचं आहे, याच्याशी जुळवून घ्या,” असंही सांगून टाकलं. जुळवणं हाच तिचा धंदा होता, पण हे जुळेना. डांबराचा वास येणारी तेलं झाली, केस धुवायच्या कडू बाटल्या झाल्या, पथ्यं झाली, आणि कुणीकुणी सांगितलेली पानं वाटून लावून झाली. काळ्या कपड्यांवर खांद्याशी पापुद्रे पडायचे म्हणून तिनं काळे कपडे सोडले. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली. दोन्ही वेळा मंडळी छान बोलली, छान हसली, आणि निघताना त्यांच्यातल्या कुणीतरी तिच्या कोपराकडे जे एकदा पाहिलं, त्यानंतर निरोप आला नाही. ती कुणावर चिडली नाही. चिडण्याचा तिचा स्वभावच नव्हता. सकाळी उठून देवापुढे दिवा लावावा, दोन ओळी म्हणाव्यात, कामाला जावं, परत यावं, दिवसाचं दिवसाला पुरवावं, असं तिनं ठरवून टाकलं. आणि मग कुणीतरी या कंपाउंडरचं नाव सुचवलं.

एका डॉक्टरकडे वीस वर्षं औषधं बांधून देत देत त्यानं स्वतःचं छोटं दुकान टाकलं होतं. गोड माणूस. तो समोरच्याला रोगी समजायचा नाही, पाहुणा समजायचा. मागच्या खोलीतून पांढरी चपटी डबी घेऊन यायचा, वर काही लिहिलेलं नसायचं, आणि त्या डबीनं पंधरा दिवसांत कोपर शांत केलं. महिन्यात मनगट. तिला रडू आलं होतं. त्या दिवसापासून डबी म्हणजे तिचा नेम झाला. रात्रीच्या प्रार्थनेआधी हात-पाय धुऊन पातळ थर. ताप असो, पाहुणे असोत, परगाव असो, नेम चुकला नाही.

आणि ती रंगांची पट्टी. ती पट्टी तिची स्वतःची अक्कल होती, तिचा तिला थोडा अभिमानही होता. नापास झालेल्या पत्र्यांतून तिनं पाच रंग निवडले होते आणि जाड कागदाच्या पट्टीवर ओळीनं चिकटवले होते. एक नंबर भाजलेल्या विटेचा. दोन त्याहून नरम. तीन, चार उतरते. पाच म्हणजे तिच्याच दंडाच्या आतल्या बाजूचा रंग, जिथं कधी डाग उठला नव्हता; तो जुळवायला तिला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. दर रविवारी सकाळी खिडकीशी बसून ती पट्टी अंगावर धरायची. कोपर, चार. नडगी, तीन. मनगट, पाच. पाच म्हणजे पास. वहीत तारीख टाकायची. वहीत मनगटाच्या रांगेत, पट्टी केल्यापासूनची नऊ वर्षं, पाच, पाच, पाच.

आत बोलावणं आलं. डॉक्टर लहान निघाल्या, तिशीच्याही आतल्या असाव्यात, पायात पळायचे बूट, आणि बोलणं इतकं भरभर की शब्द एकमेकांच्या टाचांवर पाय देत होते. “या मावशी, बसा, हात इथं ठेवा, घाबरू नका, चावत नाही मी.” मावशी म्हणणारं जगात तिला एकच माणूस होतं, नऊ वर्षांचं, तिला ते ऐकून उगीच गलबललं. डॉक्टरांनी जखमेवरची पट्टी पाण्यानं भिजवून, अगदी न ओढता काढली. जखम पाहिली. मग जखमेच्या आजूबाजूला पाहिलं, आणि बराच वेळ तिथंच पाहत राहिल्या.

“काय लावता?”

तिनं पर्समधून रिकामी डबी काढून दिली. डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला, उलटी करून तळ पाहिला. “नाव?”

“नाव नसतं.”

“किती वर्षं?”

“अकरा. एकही दिवस चुकला नाही,” ती म्हणाली, आणि आपल्या आवाजात कौतुकाची अपेक्षा आहे हे तिचं तिलाच ऐकू आलं.

“आणि हे मनगट? इथं डाग होता?”

“होता. हे बरं झालेलं आहे.”

“कशावरून?”

“रंगावरून,” ती म्हणाली. मग रंगांच्या पट्टीबद्दल सांगितलं, पाच नंबरबद्दल सांगितलं. बाहेर कुणाला न सांगितलेली गोष्ट या पोरीला का सांगतोय हे तिला कळलं नाही. बहुतेक कुणीतरी तिची हुशारी एकदा ऐकून घ्यावी असं तिला वाटत होतं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी उठून खोलीतली ट्यूब बंद केली, टेबलावरची छोटी बॅटरी घेतली, आणि उजेड वरून न टाकता हाताच्या पातळीवरून, अगदी आडवा टाकला.

“आता बघा.”

तिनं पाहिलं. रंग तोच होता, पाचच होता. पण त्या आडव्या उजेडात मनगट कातडीचं राहिलंच नव्हतं. चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या पातळ कागदासारखं ते चमकत होतं, त्यावर हजार बारीक सुरकुत्या होत्या, आणि खाली शिरा इतक्या स्पष्ट दिसत होत्या की त्यांतलं वाहणंही दिसेल असं वाटावं. वर कोपराकडे जांभळट रेघा गेल्या होत्या. तिनं हात मागे घेतला. दुसऱ्याचा हात चुकून हाती यावा तसा.

“हे बरं झालेलं नाही, मावशी. हे झिजलंय. फार जोरकस स्टेरॉइड आहे हे. पंधरा-वीस दिवस लावायचं असतं, तेही डागावरच. तुम्ही अकरा वर्षं लावलंत.”

डॉक्टर पुढे बोलत होत्या, अचानक सगळं सोडायचं नाही, नाहीतर आणखी उसळेल, अकरा दिवसांत जे उसळलं ते त्यामुळेच, हळूहळू उतरवू, साधं मलम देते, आणि नंतर उजेडाचे उपचार घेता येतील, उभ्या कपाटासारखी पेटी असते, आत उभं राहायचं, दिवे लागतात. दिव्यांची पेटी. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिच्या टेबलावरच्या पेटीला तीन बटणं होती. दिवसाचा उजेड, दुकानाचा उजेड, घरचा उजेड. दोन पत्रे दिवसाच्या उजेडात सख्खे जुळे दिसायचे आणि घरच्या उजेडात सावत्र. नव्या येणाऱ्या प्रत्येकीला ती पहिल्याच दिवशी सांगायची, एका दिव्यात पास करायचं नाही, तिन्ही बटणं दाबल्याशिवाय सही करायची नाही. एकोणीस वर्षांत तिची एक सही चुकली नव्हती. आणि घरी, खिडकीशी, दर रविवारी, एकाच उजेडात, एकाच बाजूनं. तिला हे कुणी विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? की आपल्या अंगाला कोण असा अविश्वासानं बघतं? की डोळे बरोबर होते म्हणून डोळ्यांपलीकडे काही विचारलंच नाही?

“हे आणखी कोणी वापरतं का? घरात?” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या.

“नाही,” ती म्हणाली.

ते इतक्या सहज आलं, की आपण खोटं बोललो हे तिला कळायला वेळ लागला. ती एकटी राहत होती, घरात कोणी नव्हतं, तेव्हा तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं. डॉक्टरांनी कागद फाडून दिला. ती उठली, पर्स काखेत घेतली, दारापाशी पोचली, दाराची मूठ थंड होती. आणि त्या थंडपणात तिला पापण्या दिसल्या. लहान, कोरड्या, खाजवून खाजवून गुलाबी झालेल्या. बहिणीची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालत कधीच नसे, फिरायची. आठ महिन्यांपूर्वी तिच्या पापण्यांना खाज सुटली, आणि बहिणीनं कुठल्याशा डॉक्टरांचा नंबर लावला. “रांगेत कशाला मरतेस?” ही मावशीच म्हणाली होती. “माझ्याकडे आहे की. बघ माझं मनगट.” तिनं स्वतःच्या डबीतून अर्धं दुसऱ्या डबीत काढून दिलं होतं, वर कंपाउंडरचं वाक्यही दिलं होतं, त्याच्याच सुरात, पातळ लाव, चुकवू नकोस. तीन दिवसांत पापण्या साफ. बहीण म्हणाली होती, “ताई, तुझ्या हाताला देवाचा गुण आहे.” त्यानंतर दर महिन्याला ही दोन डब्या आणायची.

“डॉक्टर,” ती मूठ न सोडता म्हणाली, “डोळ्याभोवती लावलं तर?”

पेन थांबलं. “कोणाच्या?”

“भाचीच्या. नऊ वर्षांची आहे. पापण्यांवर.”

“किती दिवस?”

“आठ महिने. रोज. दुकान बंद झालं तरी तिची डबी शिल्लक होती.”

डॉक्टरांचं भरभर बोलणं कुठल्या कुठे गेलं. “बसा,” त्या म्हणाल्या. “ती काही सांगते का? डोकं दुखतं, अंधुक दिसतं, दिव्याकडे बघितल्यावर काही?”

आणि मग ती संध्याकाळ आली. मागच्याच महिन्यातली. भिंगरी हिच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून पाय हलवत होती आणि वरच्या दिव्याकडे बघत होती. “मावशी, तुझ्या दिव्याला कडी आहेत.” “कसली कडी?” “रंगांची. आत निळं, मग हिरवं, सगळ्यात बाहेर तांबडं.” हिनं भाजी तशीच टाकली होती, आच मंद करायचंही सुचलं नव्हतं. “आणि खिडकीतून त्या रस्त्यावरच्या दिव्याला?” “त्याला पण. मोठं.” हिनं तिला उचलून घेतलं होतं, नऊ वर्षांच्या घोडीला, कडेवर, आणि गरगर फिरवलं होतं. उजेडात लपलेले रंग वेगळे दिसणं म्हणजे काय असतं ते हिला माहीत होतं. एकोणीस वर्षं तिनं त्याचीच भाकरी खाल्ली होती. बहीण न्यायला आली तेव्हा हिनं दारातच सांगितलं होतं, “हिची नजर माझ्यावर गेलीय गं. हिला रंग दिसतात.” आणि बहीण हसून म्हणाली होती, “बाकी सगळं तुझ्यावर गेलं तरी चालेल, फक्त तुझा हट्टीपणा नको.” दुसऱ्या दिवशी हिनं कारखान्यातून शंभर रंगांच्या तुकड्यांचा डबा आणून भिंगरीला बक्षीस दिला होता. भिंगरी रात्री तो उशाशी घेऊन झोपायची.

“कडी दिसतात,” ती डॉक्टरांना म्हणाली. “दिव्याभोवती. रंगीत.” आवाज तिचा नव्हता, कुठल्यातरी लांबच्या खोलीतून आल्यासारखा होता.

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. “डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. या मलमानं वाढतो, मुलांमध्ये लवकर वाढतो, आणि दुखल्याशिवाय वाढतो. असेलच असं नाही. पण आज बघायला हवं. रविवारी नाही, उद्या नाही. वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर सातपर्यंत असतात, मी त्यांना आत्ता सांगून ठेवते.”

“उतरतो ना पण? दाब?”

“वेळेत कळलं तर बहुतेक उतरतो.”

“वेळेत म्हणजे?”

“ते मी नाही सांगू शकत, मावशी.” मग त्या पुढे म्हणाल्या, “आणि एक. तिच्या आईला पूर्ण सांगा. अर्धवट सांगितलं की लोक येत नाहीत. मी रोज बघते. सांगाल ना?”

“सांगते,” ती म्हणाली. “सातच्या आत आणते.” असं आपल्या तोंडून कुणाला शब्द दिल्याचं तिला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं.

जिन्यात उभं राहून तिनं बहिणीला फोन लावला. बहीण झेरॉक्सच्या दुकानात काऊंटरवर असायची. पलीकडे यंत्राची सरकसरक चालू होती.

“बोल पटकन ताई, चार जण डोक्यावर उभे आहेत. आणि तू या वेळी? कारखाना बुडाला का?”

“भिंगरी कुठंय?”

“शाळेत. कुठं असणार, मंत्रालय चालवतेय का? पाचला सुटेल. का गं?”

“तिला आज डॉक्टरांकडे न्यायचंय. डोळ्यांच्या.”

यंत्र थांबलं. “काय झालं? शाळेतून तुला फोन आला?”

“नाही, नाही. तसं काही नाही.” जिन्याच्या भिंतीचा रंग सोलला होता, खालचा जुना थर हिरवट होता. आता सांगायचं. आता. “सहज. तपासून घेतलेलं बरं, म्हणून.”

“हात्तिच्या!” बहिणीचा श्वास सुटला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. “घाबरवलंस ना मला. मग रविवारी जाऊ की. आज हे मशीन कागद खातंय, मालक नाहीये, मी कशी निघू? आणि तिचे डोळे चांगले ठणठणीत आहेत. तूच तर म्हणालीस, तुझ्यावर गेलेत म्हणून. सगळ्या बिल्डिंगला सांगून झालंय माझं.”

एकच शब्द सहज म्हणून टाकला आणि आजचा रविवार झाला. इतकं सोपं होतं. अजूनही सोपं होतं. कंपाउंडरचं नाव पुढे करायचं, त्यानं फसवलं म्हणायचं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. बहीण त्याला शिव्या देईल, हिला जवळ घेईल, दोघी मिळून रडतील. पण पापण्यांवर ते मलम कंपाउंडरनं लावलं नव्हतं. त्यानं भिंगरीला पाहिलंही नव्हतं. तिला एकदम बहिणीचा चेहरा दिसला, यंत्राच्या पांढऱ्या उजेडात वर-खाली उजळणारा, आणि आपण सांगू तेव्हा त्या चेहऱ्यावर आधी न समजणं येईल, मग समजणं येईल, आणि मग जे येईल ते आपण आयुष्यात कधी पाहिलेलं नसेल. जगात भिंगरी ही एकच मुलगी होती जी हिच्या कोपराला गाल लावून झोपली होती. तिला पुन्हा हिच्याकडे पाठवतील की नाही, कोण जाणे. आणि न पाठवणं बरोबरच असेल.

“ताई? आहेस का? तुझा आवाज असा काय येतोय?”

“तू दुकानातच आहेस ना? कुठं जाऊ नकोस.”

“मी कुठं जाणार? पण काय ते सांग ना!”

“तोंडावर सांगते. माझ्याकडून चूक झालीय. मोठी. मी येते तिकडे, मग आपण दोघी शाळेत जाऊ.”

बहिणीनं काहीतरी विचारलं, काऊंटरवरच्या कुणीतरी पानं मागितली, आणि हिनं फोन ठेवला. तिनं डोळे मिटून देवापुढच्या रोजच्या दोन ओळी म्हणायला घेतल्या, दुसऱ्या शब्दाशीच अडखळली, आणि पहिल्यांदाच त्या अर्ध्या सोडून दिल्या. मग मनगटावरची नवी पट्टी सैल नाही ना ते पाहिलं, पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला आणि जिना उतरली. बाहेर दुपार पांढरी पडली होती, फुटपाथवर माणसं आपापल्या घाईत होती, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. दुकान चालत पंधरा मिनिटांवर होतं; एरवी ती चालतच गेली असती, आणि आजही पायांना तेच हवं होतं, पंधरा मिनिटं, वाक्य जुळवायला. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि येणाऱ्या टॅक्सीला तिनं हात केला. आत बसून दार ओढून घेतलं, दुकानाचा पत्ता सांगितला.

“जरा लवकर घ्या,” ती हळूच म्हणाली.